बसलेली बाई

चारचौघांत आईची ओळख करून द्यायची एवढी साधी रीत कळू नये, आणि ही म्हणे प्राध्यापक. पाहुण्यांनी विचारलं, "या कोण?" तर मुलगी म्हणाली, "माझी आई. घरीच असते." घरीच असते! जशी काही घरातली खुर्ची, कपाट, नाहीतर दारात पसरलेलं मांजर. बोलताना जीभ अडखळली नाही, पापणी लवली नाही. आणि त्याच्यावर कडी म्हणजे पुढचं उत्तर. पाहुणे भिंतीवरच्या चित्राकडे वळले, हात मागे बांधून त्यांनी मान तिरकी केली, "उत्तम, उत्तम" असं स्वतःशीच म्हणाले, आणि मग विचारलं, "मॉडेल कोण होतं?" म्हातारी तिथेच, चित्रापासून दोन हातांवर, काठी टेकून उभी होती. चित्रातल्या बाईच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, कधीकाळी दाराच्या फटीत सापडून वाकडी झालेली, आणि तीच करंगळी काठीच्या मुठीवर जिवंत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मुलीने त्या करंगळीकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं. "मॉडेल नव्हतं, सर," ती म्हणाली. "कल्पनेतून केलंय."

पाहुणे पुढच्या चित्राकडे सरकले. त्यांच्यामागून प्राचार्य, प्राचार्यांमागून विभागप्रमुख, विभागप्रमुखांमागून मुलगी, अशी रांग सरकत गेली आणि म्हातारी त्या चित्रासमोर एकटी उरली. खाली पांढरी पाटी होती. तिसरीपर्यंतची शाळा, तीही अर्धी आजारपणात गेलेली, पण पाटी वाचण्याइतकी अक्षरं अजून शाबूत होती. एकेक जोडत तिने वाचलं: बसलेली बाई. त्याखाली मुलीचं नाव, त्याखाली 'विद्यापीठस्तरीय स्पर्धा, प्राध्यापक गट, प्रथम पारितोषिक'. आई नाही, बाई. बरं, बाई तर बाई. तिला त्याचाही राग आला नसता. या इमारतीत अकरा वर्षं तिला सगळे बाईच म्हणत आले होते. पण चित्राकडे बघताना आणखी काहीतरी खटकत होतं, आणि ते नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. खिडकीजवळ बुटक्या स्टुलावर बसलेली बाई. एक गुडघा वर, त्यावर हात. तोंड उजेडाकडे वळवलेलं, नाकडोळे पुसट. खांद्यावरचं कापड जांभळं. कापड छान होतं, कापड बघून घ्यावं. उजेडही छान होता. आणि तरी चपलेत खडा असावा तसं ते चित्र आत कुठेतरी टोचत होतं, म्हणून ती दोनदा मागे झाली, दोनदा पुढे झाली, शेवटी जावई येऊन म्हणाला, "आई, सभागृहात चला, जागा धरून ठेवलीय. इथे उभ्या राहून पाय दुखतील."

जावई दातांचा डॉक्टर. स्वभावाने लोण्यासारखा, पण माणसाचं तोंड सोडून जगात त्याला काही दिसत नाही. त्याला सांगितलेलं असं की सासूबाई पूर्वी या महाविद्यालयाच्या कार्यालयात होत्या. कार्यालयात काय होत्या हे त्याने कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या रांगेत त्याने तिला बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली, आणि प्राचार्य भाषणाला उभे राहिल्यावर तिच्या कानाशी लागून म्हणाला, "वरचे सगळे खोटे आहेत." तिला वाटलं भाषणाबद्दल बोलतोय.

प्राचार्यांनी वार्षिक अहवाल उघडला. इतिहास विभागाच्या दोन प्राध्यापकांनी आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध सादर केले. भाषा विभागाने तीन कार्यशाळा घेतल्या. तत्त्वज्ञान विभागात यंदा एका विद्यार्थ्याला सुवर्णपदक मिळालं. टाळ्या. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत फिरता चषक. टाळ्या. भूगोल विभागाची अभ्याससहल. त्याच्याही टाळ्या, सहलीला कसल्या टाळ्या कुणास ठाऊक. म्हातारीने पाठ खुर्चीला टेकवली, तळपाय जमिनीवर सपाट ठेवले, हात मांडीवर सोडले, आणि तिच्याही नकळत अंगाने जुनी सवय धरली. श्वास खाली गेला. खांदे उतरले. नजर समोरच्या पडद्याच्या एका सुरकुतीवर जाऊन थांबली आणि तिथेच राहिली. वीस मिनिटं. कुठल्याही घड्याळाकडे न बघता ती सांगू शकायची, वीस झाली. मुलं पैजा लावायची. कुणीतरी मनगटावरचं घड्याळ झाकून बसायचं आणि ती म्हणायची, "झाली, चला, पाय मोकळे करू द्या," आणि घड्याळात वीसच. कधी साडेवीस, तेव्हा ती म्हणायची, घड्याळ पुढे आहे. त्यावरून तिला नाव पडलं होतं घड्याळबाई. आज प्राचार्यांचं पहिलं वीस संपलं तेव्हा ते अजून समाजशास्त्रावर होते.

नवरा गेला त्या वर्षी ती या इमारतीत झाडूवालीच्या बदली कामावर लागली. वरच्या मजल्यावरचा चित्रकलेचा मोठा वर्ग तिच्याकडे. जमिनीवर कोळशाची भुकटी, रबराचा चुरा, फेकलेले कागद. एके सकाळी ती केर काढत असताना मुलं ईझल लावून बसली होती आणि ज्यांनी बसायचं ते म्हातारबोवा आलेच नव्हते. दाढीवाले मास्तर येरझाऱ्या घालत होते. थांबले, तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "बाई, तो झाडू ठेवा बाजूला. वीस मिनिटं बसता का?" तिला वाटलं चेष्टा करतायत. "बसून काय करायचं?" "काही नाही." "काहीच नाही?" "काहीच न करणं फार अवघड असतं," मास्तर म्हणाले, "बघा जमतंय का." तिला ते बोलणं झोंबलं. आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं, लहानपणापासून. ती वर्गाच्या मधोमध असलेल्या लाकडी चौथऱ्यावर चढली आणि बसली. पहिली पाच मिनिटं नाकावर माशी होती. पुढची पाच मिनिटं डावा पाय आपला राहिला नाही. मग घरचं आठवलं, रिकामा पलंग, पोरीची फाटलेली वही, आणि डोळे भरून आले, पण हलायचं नाही म्हणून पुसताही येईनात, तसेच गालावरून ओघळून वाळले. वीस मुलं तिच्याकडे बघत होती आणि एकाच्याही नजरेत कीव नव्हती. मुलं तिच्या गुडघ्याकडे बघत होती, जणू गुडघा ही जगातली फार कठीण गोष्ट आहे. नवरा गेल्यापासून लोक बघत होते ते वेगळं आणि हे वेगळं. खाली उतरली तेव्हा मास्तर म्हणाले, "उद्या झाडू आणू नका."

त्यानंतर अकरा वर्षं. डोकं, खांदे, हात, पाय, पुढून, मागून, कडेने. एकदा पडदा लावून, शेगडी ठेवून, नुसती पाठ. सर्दीत बसली, तापात बसली, दाढ ठणकत असताना बसली आणि एका मुलाच्या चित्रात ती दाढ दिसली म्हणून त्याला तिने शाबासकी दिली. काहीच न करणाऱ्या माणसाच्या अंगात किती काम चाललेलं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? मणका एकेक मणी करून रचायचा. वजन असं वाटून द्यायचं की कुठल्या एका हाडाला तक्रार करायला जागा राहू नये. आणि दर वेळी उठण्यापूर्वी मास्तर खडू घेऊन यायचे, वाकून तिच्या तळपायांभोवती, टेकलेल्या हाताभोवती, बैठकीभोवती रेघ ओढायचे, म्हणजे चहा पिऊन आल्यावर ती पुन्हा त्याच जागी, त्याच मापात बसेल. रेघ ओढताना ते मुलांना एकच वाक्य ऐकवायचे: "आधी वजन कुठे आहे ते बघा. बाई कुठे आहे ते मग बघू."

वजन. म्हातारीची नजर पडद्याच्या सुरकुतीवरून हलली. काय खटकतंय त्याच्या अगदी कडेला ती आली होती, पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि जावई तिचा दंड हलवत म्हणाला, "आई, आपला नंबर!" मुलगी मंचावर चढत होती. चांगली दिसत होती. केसांत पांढरं आलं होतं, ते तिने रंगवलं नव्हतं, हे एक आईकडून घेतलं होतं. पाहुण्यांनी तिच्या हातात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र दिलं, फुलं दिली, आणि मग ध्वनिक्षेपक ओढून घेतला. पाहुणे नावाजलेले चित्रकार होते, बोलायला बसले की उठत नाहीत अशा जातीचे. म्हणाले, "आत्ताच मी यांचं चित्र पाहिलं. मी विचारलं, मॉडेल कोण? तर म्हणाल्या, मॉडेल नव्हतंच! मुलांनो, हे लक्षात ठेवा. समोर कुणी नसताना, केवळ कल्पनेच्या बळावर एवढी जिवंत बाई उभी करणं," आणि ते स्वतःवरच खूश होऊन हसले, "म्हणजे बसवणं, हे खऱ्या कलावंताचं लक्षण!" सभागृह दणाणलं. समोर कुणी नसताना. म्हातारी मुलीकडे बघत होती. आता बोलेल. आता ध्वनिक्षेपकाकडे एक पाऊल टाकेल आणि म्हणेल, सर, एक सांगायचं राहिलं, ती तिसऱ्या रांगेत बसलीय. चार शब्दांचं काम. मुलगी फुलांच्या कागदाची घडी नखाने नीट करत होती. घडी नीट झाली, तरी करत राहिली. टाळ्या विरल्या, पुढचं नाव पुकारलं, ती पायऱ्या उतरली. जावई टाळ्या वाजवून लाल झालेले हात चोळत म्हणाला, "कल्पनेतून! मला तर आरशात बघूनही दाढी धड करता येत नाही."

"जरा पाय मोकळे करून येते," म्हातारी म्हणाली.

"मी येऊ?"

"तुम्ही लोकांचे दात बघत बसा. मला या इमारतीत वाट दाखवायला कुणी लागत नाही."

जिना मात्र बदलला होता. पायऱ्या त्याच, तेवढ्याच, पण कुणीतरी त्यांची उंची वाढवून ठेवली होती. पहिल्या वळणावर ती थांबली, दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून पुन्हा थांबली. खालून प्राचार्यांचा आवाज येत होता, क्रीडा विभाग, उंच उडी, तृतीय क्रमांक. थकवा गुडघ्यात नव्हता. गुडघे दुखतात, ते वेगळं. हा थकवा एकाच गोष्टीची फार दिवस वाट पाहिल्याचा होता, आणि आपण वाट पाहत होतो हेच तिला आज तिसऱ्या रांगेत बसून कळलं होतं. वरच्या मजल्यावरचा व्हरांडा तसाच लांब. स्टुडिओच्या दाराबाहेरचं बाकही तेच. या बाकावर शाळा सुटल्यावर पोर येऊन बसायची. आत यायची तिला बंदी. शिपाई तिला मुलांनी टाकलेले अर्धे कागद, खडूचे तुकडे आणून द्यायचा आणि ती समोर जे दिसायचं ते काढत बसायची. समोर दिसायचं बंद दार. शेकड्यांनी दारं काढली तिने. घरी आल्यावर एकेक दाखवायची आणि आई म्हणायची, कडी कुठाय? दाराला कडी नको?

"कोण आहे? वर यायला मनाई आहे, कार्यक्रम खाली चाललाय," आतून आवाज आला आणि पाठोपाठ शिपाई आला. दात पडलेले, कान सुपाएवढे झालेले, पण तोच. हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने डोळे बारीक केले. "अरे देवा. घड्याळबाई!"

"ओरडू नका. अजून निवृत्त नाही झालात?"

"यंदाच्या अखेरीला. तुम्ही अजून जिवंत?"

"सवय झालीय. दार उघडं आहे का?"

"तुम्हाला कोण अडवणार? मास्तर गेले तेव्हापासून इथे धड बसणारं कुणी आलंच नाही. हल्लीची मॉडेलं सारखी फोन बघतात. एकाला मुलाने म्हटलं, हनुवटी वर घ्या, तर तो म्हणतो, चार्जिंग संपत आलंय." तो हसला, मग दाराशी थांबला. "बाईंचं चित्र पाहिलं मी खाली. तुमच्या मुलीचं. टांगायला मीच होतो."

"मग?"

शिपायाने किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "मी काय, खिळे मारणारा माणूस," तो म्हणाला. "बसा तुम्ही. मी खालून चहा बघतो."

मोठा वर्ग दुपारच्या उजेडाने भरलेला होता. उत्तरेच्या उंच काचा, ईझलांचं रान, टर्पेंटाइनचा वास, जो नाकात शिरताच वीस वर्षं गळून पडली आणि मग लगेच परत येऊन खांद्यावर बसली. मधोमध चौथरा. त्यावर नवी सतरंजी होती. तिने काठीने सतरंजीचं टोक उलटवलं. खाली लाकूड तेच, आणि लाकडाच्या नसांत खडूचा पांढुरका थर, कुणाकुणाच्या पायांचा, एकावर एक, पुसून पुसून उरलेला. ती ईझलला धरून वर चढली. बुटकं स्टूल होतंच. बसली.

एकदा या चौथऱ्यावर मोठी गंमत झाली होती. गंमत ती आता म्हणते. सहा दिवसांची बैठक चाललेली, परीक्षेचं काम. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले आणि परत येऊन बघतात तर खडूची एक रेघ शिल्लक नाही. चौथरा ओला, लखलखीत. दारात पोर उभी, अकरा-बारा वर्षांची, हातात ओलं फडकं. "घाण झाली होती, मी पुसली," एवढंच म्हणाली. मास्तर पांढरेफटक पडले. एक मुलगी रडायलाच लागली, पाच दिवसांचं काम पाण्यात. तेव्हा म्हातारी, म्हणजे तेव्हाची तरणीताठी बाई, वर चढली, कपडे सारखे केले, आणि बसली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. पायाने पायाची जागा शोधली, हाताने हाताची. मास्तरांनी ओळंबा काढला, एक डोळा मिटून दोरा धरला. नाकाच्या टोकावरून सोडलेला दोरा पाचव्या दिवशीच्या चित्रात डाव्या अंगठ्याच्या नखावर येत होता. आताही नखावरच आला. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. मुलांनी पट्ट्यांनी बोर्ड बडवले, सगळा मजला दणाणला, आणि मास्तर म्हणाले, "लिहून ठेवा रे कुणीतरी." कुणी लिहून ठेवलं नाही. कुठल्या अहवालात लिहिणार? पण तिला त्या आवाजापेक्षा दारातलं ते तोंड जास्त लक्षात राहिलं. पोर रडली असती, भ्याली असती, तर घाण पुसली हे खरं मानता आलं असतं. पोर आईकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर हरल्याची कळा होती. त्या आठवड्यात शाळेत कुणाच्या तरी इथे शिकणाऱ्या भावाने घरी नेलेला कागद वर्गभर फिरला होता, त्यावर आईची उघडी पाठ होती, आणि खाली कुणीतरी पोरीचं नाव लिहिलं होतं. हे आईला कळलं, ते फार नंतर, आणि भलत्याच माणसाकडून. आईने फडक्याबद्दल कधी विचारलं नाही. पोरीने कधी सांगितलं नाही. मग ती सतरा वर्षांची झाली, आणि प्रवेशाच्या यादीत तिचं नाव लागलं, याच महाविद्यालयात, याच वर्गात. त्याच आठवड्यात आईने काम सोडलं. पोरीला आपल्यासमोर बसून आपला गुडघा मोजायला लागू नये म्हणून. निरोप नाही, समारंभ नाही. मास्तर म्हणाले होते, "तिला विचारलंत का?" ती म्हणाली होती, "पोर माझी आहे, मला विचारायची गरज नाही." हे वाक्य तेव्हा तिला फार बाणेदार वाटलं होतं.

आता स्टुलावर बसून तिने चित्र आठवलं, आणि जशी चित्रातली बाई तशी स्वतःला रचायला घेतली. उजवा गुडघा वर. हात गुडघ्यावर. डावा पाय पुढे, सैल. पाठ ताठ. तोंड उजेडाकडे. क्षणभर सगळं जमलं, आणि लगेच अंग उजवीकडे कलंडायला लागलं. तिने हात टेकला, सावरली, पुन्हा तशीच बसली. पुन्हा कलंडली. दुसऱ्यांदा तर पडलीच असती, ईझल हाताशी होतं म्हणून निभावलं. आणि तेव्हा, ईझलला लोंबकळल्यासारखी, धाप लागलेली, म्हातारी हसली. सापडला होता खडा. त्या बाईला वजनच नव्हतं. कापड होतं, उजेड होता, करंगळीसुद्धा होती, पण ती स्टुलावर बसलेली नव्हती, नुसती ठेवलेली होती. अशी बाई जगात कुठे बसू शकत नाही, वीस मिनिटं सोडा, दोन मिनिटंही नाही. पोरीने आईला स्वयंपाकघरात पाहिलं, आजारात पाहिलं, दारातून पाहिलं. समोर बसलेली कधी पाहिलीच नाही. बंद दारच काढत राहिली बिचारी, एवढी मोठी झाली तरी.

व्हरांड्यात टाचांचा आवाज आला. भरभर, मग दाराशी हळू. मुलगी आत आली तेव्हा तिच्या एका हातात फुलं होती, एका हातात फ्रेम, आणि कपाळावर घाम.

"आई! सगळीकडे शोधतोय आम्ही. इथे काय करतेस? उतर, पडशील."

"उतरते. आधी श्वास घे."

"खाली सगळे फोटोला थांबलेत. पाहुण्यांना निघायचंय, प्राचार्य दोनदा विचारून गेले. तू बाजूला हवीस मला."

"कोण म्हणून?"

मुलीने फुलं एका ईझलवर ठेवली, ती घसरली, पुन्हा ठेवली.

"घरी असते ती म्हणून?"

"आई, आत्ता नको. तिथे सगळे उभे होते. मी काय सांगणार होते? एवढ्या लोकांत एकदम..." तिचा आवाज चिरका झाला. "तुला वाटतं मला सोपं गेलं? मंचावर ते बोलत होते तेव्हा माझे पाय कापत होते."

"दिसले. उजवा जास्त कापत होता."

"हसू नकोस गं."

"हसत नाही. वजन कुठे आहे ते बघायची सवय आहे मला." म्हातारीने सतरंजीचा उरलेला भाग काठीने दूर ढकलला. "तो शिपाई काय म्हणाला माहितीय? काही म्हणाला नाही. अकरा वर्षं बडबड ऐकलीय मी त्याची, आज पहिल्यांदा गप्प बसला. त्यालाही कळलं."

"काय कळलं?"

"चित्र."

मुलीने मान वर केली. इतका वेळ तिच्या तोंडावर घाई होती, ती ओसरली. खाली कुणीतरी ध्वनिक्षेपकावर तिचं नाव पुकारलं, कृपया मंचाजवळ यावे. ती हलली नाही. "तुला आवडलं नाही," ती म्हणाली. मग अगदी हळू: "काहीतरी चुकलंय ना त्यात? चार महिने बघतेय. सगळे चांगलं म्हणतात. बक्षीस देतात. मला सापडत नाही."

म्हातारीने काठी खाली ठेवली. स्टूल एक बोटभर मागे सरकवलं, उजेडाचा अंदाज घेतला, आणि बसली. या खेपेला तिने चित्रातल्या बाईसारखं काही केलं नाही. मणका एकेक मणी करून रचला, दुखऱ्या गुडघ्याला त्याच्या पुरती सवलत दिली, डावा तळपाय लाकडावर दाबून धरला, वाकडी करंगळी मांडीवर सोडली. श्वास खाली गेला. मग, मान न हलवता, समोरच्या काचेकडे बघत, ती बोलली.

"बक्षीस मिळालं, चांगलं झालं, भिंतीवर लाव. पण चित्र चुकलंय. तुझी बाई बसलेली नाही, पडायच्या बेतात आहे. हात नुसता ठेवलास, टेकलेला नाही. डावा पाय सोडून दिलास, त्याला जमीनच नाही. कल्पनेतून केलंस हे खोटं वाटत होतं मला, आत्ता बसून बघितलं तर खरं निघालं. मी तुझ्यासमोर कधी बसलेच नाही, न विचारता उठून गेले, ती माझी चूक. आज सगळ्यांसमोर मी नव्हते म्हणालीस, ती तुझी. दोघींच्या चुका मिळून पहिलं बक्षीस झालंय. आता त्या पाहुण्याला निरोप पाठव, म्हणावं, मॉडेल कोण विचारत होतात ना, वर या, जिना चढून या, बसलीय. आणि तू तशी उभी राहू नकोस. तिथे फळ्याखाली खडू असेल, तो घे. वाक. माझे पाय आखून घे. आणि या वेळी पुसू नकोस."